पोराच्या पायांचा नवस

चढ हा प्रकार मला कधीच मानवलेला नाही. लालबागच्या चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गिरणीच्या ऑफिसात दिवसभर कारकुनी करून परतलो की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कुणाशी तरी बोलत उभा राहायचो. लोकांना वाटायचं, माणूस मोठा बोलका आहे. खरं म्हणजे मला धाप लागलेली असायची. अशा माणसानं एका संध्याकाळी गॅलरीत उभं राहून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात डोंगरावरच्या देवीला नवस बोलावा, यात देवीचा काही दोष नाही. म्हणून तिचं नाव मी सांगत नाही. ठाण्याच्या पलीकडे एक डोंगर आहे आणि त्यावर ती आहे, एवढं पुरे.

झालं असं की आमचा मुलगा नुकता चालायला लागला होता आणि त्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तेव्हा पोराच्या पायांच्या काड्या झालेल्या. भिंतीला धरून उभं केलं की घसरून खाली बसायचा आणि आमच्याकडेच बघायचा, जणू आम्हीच त्याला पाडलं. डॉक्टर म्हणाले, ताकद येईल, धीर धरा. बायकोनं धीर धरला. माझ्या आईनंही धरला. मला काही तो धरता येईना. त्या संध्याकाळी पलीकडच्या खोलीतल्या हेडजॉबरांनी, म्हणजे आमच्या गिरणीतल्या मुकादमांनी, सहज विचारलं, "काय, पोरगं कसं आहे?" आणि मला भरून आलं. मी दोन्ही हात जोडले आणि आभाळाकडे बघून म्हणालो, "हा पुन्हा पायांवर उभा राहू दे, ह्याच्याच पायांनी तुझा डोंगर चढवून आणीन!"

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नवसाला वजन हवं, नुसतं चढणं देवीला हलकं वाटेल असं मला वाटलं. नेमका तेव्हा कुठल्या तरी खोलीत बोंबील तळले जात होते. वास आला आणि तोंडातून निघून गेलं, "आणि तोवर माझ्या घरात मासळी शिजणार नाही!"

आम्ही मालवणकडचे. आमच्या घरात मासळी शिजणार नाही म्हणजे चूल पेटवायची तरी कशाला, असा प्रश्न येतो. आई आतून बाहेर आली. तिनं हेडजॉबरांकडे पाहिलं, गॅलरीत जमलेल्या बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी सांगल्यान होता तुका एवढा बोलाक?" ती म्हणाली. "आता बोललंस मां? मगे निस्तर."

पोरगा महिन्याभरात उभा राहिला. मग चालला, मग पळाला. गॅलरीतून जिन्यापर्यंत पळायचा आणि मागे धावून धावून आम्ही दमायचो. पण सपाटीवर. चढ दिसला की जागच्या जागी बसायचा, दोन्ही हात वर करायचा आणि म्हणायचा, "उचल." तो सगळ्या बाबतीत आपल्या आईवर गेलाय असं लोक म्हणत. चढाच्या बाबतीत तो माझ्यावर गेला होता.

आईनं नवसाचे नियम ठरवून टाकले. पोर बसलं तर चालेल, खेळलं तर चालेल, रडलं तरी चालेल. पण उचलायचं नाही. "उचललो तर परत पायथ्याकडसून." त्यामुळे एकदम देवीच्या डोंगरावर जाण्याआधी सराव करायचा असं ठरलं, आणि सरावासाठी मी शीवचा किल्ला निवडला. तो किल्ला म्हणजे खरं तर टेकडीवरचं पडकं बांधकाम. वर गेलं की मिठागरं दिसतात असं लोक सांगत. आम्हाला बरेच महिने ती दिसली नाहीत.

सहा दिवस गिरणी आणि सातव्या दिवशी किल्ला. रविवारी सकाळी आम्ही चौघं निघायचो: मी, आई, बायको आणि पोर. किंग्ज सर्कलला ट्राम संपायची. तिथून शीवपर्यंत पायी. पण त्याआधी माटुंग्याच्या एका हॉटेलाच्या दारात पोरगा मुक्काम ठोकायचा, कारण एकदा मी कौतुकानं त्याला तिथे इडली खाऊ घातली होती. इडली खाऊन झाली की त्याला झोप यायची. झोप उडाली की पायथा यायचा. पायथा आला की, "उचल."

"बाळा, चाल हां. वर गंमत आहे," मी म्हणायचो.

"काय गंमत?" तो विचारायचा.

मला गंमत सुचायची नाही. त्या वयाच्या मुलाला मिठागरांचं काय सांगणार?

तो चार पावलं चढायचा, खडे वेचायचा, ते आजीच्या ओच्यात टाकायचा, मग उतरून तेच खडे होते तिथे ठेवून यायचा. त्याच्या मागून मी चढायचो आणि उतरायचो. तो एकदा वर गेला असेल तेवढ्यात मी तीनदा जाऊन यायचो. संध्याकाळी चाळीत परतलो की हेडजॉबर कठड्याला टेकून उभेच असायचे.

"पोचलं का पोरगं?"

"अर्ध्यापर्यंत."

"आणि तुम्ही?"

मी खोलीत जायचो. पायांना तेल चोळायचो. सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या पोटऱ्या दुखायच्या आणि साहेबाला वाटायचं मी कुठल्या मोर्च्यात चालून आलोय. ते दिवसच तसे होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात. आज सभा, उद्या हरताळ, परवा कुठे लाठीमार झाल्याची बातमी. चाळीतली मुलंसुद्धा चोर-पोलीस सोडून मोर्चा-मोर्चा खेळायची. एक जण पुढे, हातात काठी, काठीला कुणाच्या तरी आईचं फडकं.

आणि इकडे आमच्या घरात मासळी नाही.

सुरुवातीला मला त्यात जरा तेज वाटायचं. नवस पाळणारा माणूस वगैरे. पण बायकोला पुन्हा दिवस गेले आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिला डोहाळे लागले ते मासळीचेच. दुपारी साऱ्या गॅलरीभर तव्यांचा आवाज, तळणीचा वास. ती दारात बसून राहायची. जेवण मात्र सुटत चाललं. वरण-भाताकडे बघितलं तरी तिला उमळायचं. डोळ्यांखाली काळं आलं, मनगटातल्या बांगड्या सैल झाल्या. प्रसूतिगृहातल्या बाईंनी मला वेगळं बोलावून झापलं, "घरात खायला देता की नाही हिला?"

एका दुपारी घरी आलो तर चुलीवर आमटी उकळत होती. ओलं खोबरं, लाल मिरची, कोकम, तिरफळं. बांगड्याची आमटी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. झाकण काढून बघतो तर आत शेवग्याच्या शेंगा. बाकी सगळं बांगड्याचं, बांगडा तेवढा नाही. बायकोनं ती भातावर घेतली, दोन घास खाल्ले, आणि ताट बाजूला सारलं.

"अगं, गिरगावला जा चार दिवस," मी हळूच म्हणालो. गिरगावात तिचं माहेर. "तिथे खा पोटभर. नवस आपल्या घरातला आहे, त्यांच्या घरातला नाही. आईला कशाला कळतंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी झाकण परत ठेवून दिलं.

"गेले होते मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. "आईनं सुरमई केली होती. ताटात वाढली. मी नाही खाल्ली."

"का पण?"

"हसू नका. ताप आला तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. तुम्ही गॅलरीत होतात. नवस मीही धरलाय."

मी म्हटलं, पुढच्याच रविवारी डोंगर. सराव गेला खड्ड्यात.

पण पोरगं शीवचंही टोक गाठेना तर देवीचं कसं गाठणार? युक्ती सापडली ती अपघातानं. चाळीतल्या पोरांचा मोर्चा आमच्या गॅलरीतून चालला होता. पुढचा ओरडायचा, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि मागची फौज, "झालाच पाहिजे!" फौजेच्या शेपटाला आमचे चिरंजीव. "जालाच पायजे!" करत, पाय आपटत, गॅलरीतून जिन्यात, आणि जिन्यातून थेट वर गच्चीपर्यंत. चढत! न बसता, 'उचल' न म्हणता. मी खाली उभा राहून बघतच राहिलो.

त्या रविवारी शीवला पायथ्याशी पोरगा बसला, हात वर केले. मी त्याच्या पुढे दोन पावलं जाऊन ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

तो उठला. "जालाच पायजे!" एक पाऊल.

मी पुन्हा. तो पुन्हा. आई मागून पदरानं वारा घेत येत होती, बायको कमरेवर हात ठेवून. आम्ही अर्ध्यावर गेलो. पाऊण वाट गेली. माझा घसा फाटायला आला होता, पण टोक दिसत होतं. तेवढ्यात वरच्या बाजूनं एक पोलीस शिपाई उतरला.

"ओ, घोषणा बंद करा. जमावबंदी आहे."

"अहो हवालदारसाहेब, जमाव कुठाय?" मी म्हणालो. शिपायाला हवालदार म्हटलं की तो नरमतो, असा माझा अनुभव. "मी, बायको, आई, पोर. चारच तर जण."

"पाचाला बंदी आहे, ते माहितीय मला. चार दिसतायत म्हणून तर तोंडानं सांगतोय."

इथे आईला खरं बोलायची हुक्की आली. "पाचवो हिच्या पोटात आसा," ती म्हणाली.

शिपायानं बायकोकडे पाहिलं, मग टोपी काढून घाम पुसला. घाटावरचा माणूस होता, त्याला हसू आवरत नव्हतं. "आजी, गप ऱ्हावा जरा. कायद्याला पोटातलं दिसत न्हाई. ओ, तुम्ही हळू बोला म्हणजे झालं. मी जातो खाली."

मी हळू बोललो. पोरानं माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं. कुजबुजत केलेल्या मागणीसाठी तो पाऊल उचलायला तयार नव्हता. खाली बसला. शेवटी शिपाई दिसेनासा झाल्यावर मी पुन्हा आवाज चढवला, आणि आम्ही टोकाला पोचलो. मिठागरं खरंच दिसतात. मला ती दोन दोन दिसली, एवढा मी दमलो होतो.

लगेच पुढच्या रविवारी देवी, असं ठरलं. नारळ, ओटी, डब्यात पोळ्या, सगळं बांधून सकाळी ट्रामच्या थांब्यावर गेलो. ट्राम नाही. थोड्या वेळानं एक सायकलवाला ओरडत गेला, "हरताळ! सगळं बंद!" आदल्या संध्याकाळी ठरलेला हरताळ चाळीत सगळ्यांना ठाऊक होता, मला सोडून. मी नारळ निवडत बसलो होतो. बायको थांब्याच्या खांबाला टेकली. तिथून खोलीपर्यंत परत जायला, पुन्हा तिसरा मजला चढायला तिच्या अंगात बळ नव्हतं. पुढच्या रविवारी पोराला सर्दी. त्याच्या पुढच्या रविवारी आईला. दिवस चालले होते, पोट दिसायला लागलं होतं, आणि बायको शेवग्याच्या शेंगांवर जगत होती.

"आता तू नको येऊस डोंगरावर," मी म्हणालो. "मी नि आई नेतो ह्याला."

"मी येणार," ती म्हणाली. एवढंच.

अखेर तो दिवस आला. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. घडीव दगडांच्या पायऱ्या, काही खचलेल्या, दोन्ही बाजूंना सागाची झाडं, आणि वर बघितलं तर नुसतं वरच. शीवची टेकडी ह्याच्या पायापाशी ठेवली असती तर दिसलीही नसती. माझ्या पोटऱ्यांनी तिथेच शरणागती पत्करली. पण तोंड सुरू झालं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

"जालाच पायजे!"

इथे पोलीस नव्हता. वरून उतरणारी माणसं थांबून बघायची. एक म्हातारा तर आमच्याबरोबर पाच-पन्नास पायऱ्या पुन्हा वर चढला आणि पोराच्या सुरात सूर मिळवून परत खाली गेला. पोरगा खुशीत होता. बायकोच्या तोंडावर कित्येक आठवड्यांनी मी हसू पाहिलं. मला वाटलं, जमलं.

मग माझा घसा बसला. आधी चिरका झाला, मग नुसती हवा येऊ लागली. आईनं सूर धरला, पण तिला दम्याचा त्रास, दोन हाकांत तीही थांबली. बायको धापा टाकत होती, तिला ओरडायला सांगणं शक्यच नव्हतं. पोरगा घोषणेची वाट बघत एका पायरीवर बसला, मग आडवा झाला आणि झोपला. वर देवळाचा कळस दिसत होता. तेवढाच काय तो टप्पा राहिलेला.

"थांबूया," आई म्हणाली. "उठात तो."

थांबलो. ऊन डोक्यावर आलं. सागाची पानं झडलेली, सावली म्हणावी तर नाही. पाणी संपलं. बायको पायरीवर बसली होती. तिचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. पोरगा आपला गाढ. मी त्याला हलवलं, कानात फुंकलं, पोटाला गुदगुल्या केल्या. तो फक्त कूस बदलायचा.

आणि मला सुचलं. माझ्या आयुष्यात सुचण्याचे प्रसंग थोडे, पण प्रत्येक वेळी सुचलेलं मी तत्परतेनं अमलात आणलं आहे. मी पोराला दोन्ही बगलांत धरून उभा केला, असा की पाय पायरीला टेकलेले राहतील, आणि त्याला पुढे धरून वर सरकू लागलो.

"हे काय करताय?" बायको म्हणाली.

"उचललेला नाही. पाय लागतायत ना पायरीला? आई, तू बघ. लागतायत ना?"

आई वाकून बघू लागली. "लागतत," ती म्हणाली. "पण मेल्या, नीट धर."

मी दोन-तीन पायऱ्या गेलो असेन. पोराची मान डुलत होती, माझे दंड भरून आले होते, आणि पुढच्या खचलेल्या पायरीच्या धारेला त्याचा पाय घासला. तो किंचाळून जागा झाला. उजव्या अंगठ्याचं कातडं सोललं होतं, रक्त आलं होतं.

बायको कशी उठली मला कळलं नाही. एवढं खरं की ती माझ्या पुढ्यात होती आणि पोर तिच्या खांद्यावर.

"गे, उचललंस!" आई म्हणाली. "नवस..."

"ह्याच पायांसाठी बोललो होतो ना आपण?" बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मग तेच सोलायचे?"

ती वळली आणि चढायला लागली. एक खांद्यावर, एक पोटात. मी मागून गेलो, म्हणालो, "दे, मी घेतो," तर तिनं मान हलवली. आई माझ्या मागे. देवळापर्यंत ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा मी हात पुढे केला, दोन्ही वेळा तो तसाच राहिला.

गाभाऱ्यात अंधार आणि गारवा होता. तिनं ओटी भरली नाही, नारळ माझ्याकडेच होता. पोराला देवीसमोर फरशीवर बसवलं, त्याचे दोन्ही पाय पुढे करून धरले, आणि बराच वेळ तशीच बसली. पुजारी काही म्हणायला पुढे झाला आणि परत मागे सरला.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय सांगलंस गे देवीक?"

"काही नाही. पाय दाखवले तिला."

आई खाली बसली, लुगड्याचा पदर थुंकीनं ओला केला आणि पोराचा अंगठा पुसायला लागली. उतरताना पोराला आम्ही आळीपाळीनं घेतलं. उतरण्याला नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर जिन्यातच वास आला. मला वाटलं शेजारचा. पण तो आमच्याच दारातून येत होता. आई स्वतः बाजारात गेली होती. बांगड्याची आमटी, आणि तव्यावर तळलेले तुकडे. बायको पाटावर बसली होती आणि जेवत होती. सावकाश, कुणाकडे न बघता. दुसऱ्यांदा भात घेतला. आई शेजारी बसून तिच्या ताटात वाढत होती आणि पोराच्या घासातला काटा काढत होती. मी हात-पाय धुतले, पाट ओढला, आणि बसलो.

आईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. वरण-भात, लोणचं.

"आई, मासळी?"

"ती हिका."

"आणि मला?"

"हिचो फिटलो, चूल हिची. तुझो फिटूक नाय." ती तव्यावरचा तुकडा उलटत म्हणाली. "पोराच्या पायान चढवीन म्हणालंस तू. झिल चढलो? नाय. मगे गप जेव."

मी बायकोकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल असं वाटलं. तिनं काटा बाजूला ठेवला, आमटीचा भुरका मारला, आणि म्हणाली, "वरणावर तूप घ्या. गरम आहे तोवर."

मी जेवलो. त्यात काही अर्थ नव्हता असं नाही. कित्येक दिवसांनी तिला ताट संपवताना पाहिलं होतं. जेवून ती चटईवर पडली आणि लगेच झोपली, हाताला मासळीचा वास तसाच.

रविवारी मी आणि पोरगा दोघंच पुन्हा सरावाला निघालो. माटुंग्याला इडली झाली. टेकडीच्या पायथ्याशी तो थांबला, माझ्याकडे वर बघितलं, दोन्ही हात उंच केले.

"उचल."

घसा अजून सुटला नव्हता. शीवच्या टेकडीवर मी कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं. इकडे-तिकडे पाहिलं आणि उचलला.